मामाच्या ट्रंकेतला आर्ची

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ५१ वर्षांची, रत्नागिरीत राहते. गिरगावातली मामाची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक मामाने माझ्याकडे पाठवून दिली. "तुझंच आहे हे, तूच सांभाळ," म्हणाला. आत दीडेकशे कॉमिक्स निघाली. बहुतेक आर्ची या अमेरिकन शाळकरी पोराची जाडी डायजेस्टं, थोडे पातळ जुने अंक, तळाशी स्पायडरमॅन, सुपरमॅन आणि आर्चीलाच सुपरहीरो केलेले दोन-तीन अंक. मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे जायचे आणि दुपारभर गॅलरीत पालथी पडून हेच वाचायचे. इंग्रजी मला शाळेपेक्षा यातूनच जास्त आलं.

मोठ्या हौसेने परत वाचायला बसले आणि तिसऱ्याच गोष्टीत मन उडालं. बेटी आणि व्हेरोनिका, दोन चांगल्या मुली, आर्चीसारख्या एका धरसोड मुलासाठी पानोपानी भांडतायत. सगळे गोरे. मुलींची चित्रं अशी, की मलाच अवघडल्यासारखं झालं. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने दोन अंक चाळले आणि म्हणाली, "आई, तुला हे आवडायचं?" इतकी लाज वाटली की ट्रंक पलंगाखाली ढकलून दिली. हे म्हणतात रद्दीत द्या. भाऊ म्हणतो थांब, अमेरिकेत असली कॉमिक्स लाखांत जातात. मला वाटतं, मी लहानपणी इतकी मूर्ख होते का? आणि आता या ट्रंकेचं करू काय?

– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी ती ट्रंक पलंगाखालून बाहेर काढा आणि एखाद्या स्टुलावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तुमच्याकडच्या हवेत कागद जमिनीलगत ठेवला की तो बुरशीच्या हवाली केल्यासारखाच आहे. रद्दी की लाख ते पुढे ठरवू. ठरवायला कागद शिल्लक तर राहिले पाहिजेत.

आणि नाही, तुम्ही मूर्ख नव्हतात.

मी तुमच्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. ठाण्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे चार फळ्या आणि एक सुतळी, तिच्यावर चिमटे लावून लटकवलेले अंक. मराठीत इंद्रजालचा वेताळ आणि मँड्रेक, इंग्रजीत आर्ची. वेताळ आम्ही भावंडं एकमेकांच्या खांद्यावरून वाचायचो. आर्ची मी एकटी वाचायची. पन्नाशीच्या सुमारास भाचीच्या घरी एक गठ्ठा हाती लागला आणि मीही चौथ्या गोष्टीत तो मिटून ठेवला. तुम्हाला जे वाटलं तेच वाटलं. पुढे महिन्याभराने तापात पडले होते, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून पुन्हा उघडला. डोळे इतके दुखत होते की फुग्यांतली अक्षरं वाचवेनात. नुसती चित्रं पाहत पानं उलटली. आणि नवव्या वर्षी मला जे आवडायचं ते तिथे जसंच्या तसं सापडलं.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच. एक डायजेस्ट घ्या आणि न वाचता पाहा.

थोड्याच वेळात लक्षात येईल की या गोष्टी एकाच हाताने काढलेल्या नाहीत. त्या काळच्या अंकांवर चित्रकारांची नावं नसत, त्यामुळे आपल्याला लहानपणी ते सगळं "आर्ची" नावाच्या एकाच कारखान्यातून आल्यासारखं वाटायचं. हात मात्र वेगवेगळे होते. काहींमध्ये रेघ स्वच्छ आणि गुळगुळीत आहे, मुलींची नाकं बटणासारखी, कपडे अगदी त्या वर्षीच्या फॅशनचे. ते डॅन डीकार्लो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते आर्चीत रुळले आणि पुढे त्यांचीच रेघ इतकी चालली की बाकीच्यांनाही तशीच काढायला लागली. काही गोष्टींत आर्चीचं अख्खं शरीर बोलतं. तो चालताना गुडघे कुठे, हात कुठे, रागावलेले हेडमास्तर मिस्टर वेदरबी पायाच्या बोटांपर्यंत रागावलेले. ते हॅरी लुसी. साठच्या दशकातला मुख्य आर्ची बराचसा त्यांचा. त्यांची एखादी धडपडीची गोष्ट घ्या आणि प्रत्येक चौकटीत फक्त आर्चीचे पाय पाहा, मग माझं म्हणणं कळेल. आर्चीचा मित्र जगहेड, त्याच्या गोष्टींत तो पेंगल्यासारखा, सगळे सांधे सैल सोडून उभा असेल आणि मागच्या कोपऱ्यात, गोष्टीशी काही संबंध नसलेला, एक बारीकसा विनोद चाललेला असेल, तर ते सॅम श्वार्ट्झ. आणि तुमच्या ट्रंकेत छोट्या आर्चीच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या आर्चीच्या गोष्टी असतील तर त्या वेगळ्या काढून ठेवा. त्या १९५६ पासून बॉब बोलिंग यांनी सुरू केल्या. त्यांतल्या काही गोष्टींत जंगल, समुद्र, हरवलेलं पोर असं काही असतं, आणि वाचल्यावर घशाशी येतं. आर्चीच्या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत जास्त जपावंसं वाटतं ते हे काम.

हे सगळं नवव्या वर्षी तुम्हाला नावानिशी माहीत नव्हतं. पण डोळ्यांना कळत होतं. पालथं पडून जी मुलगी पान-पान पाहत बसते, ती त्या चौकटींचा ठेका पाहत असते. हसू कुठे येणार, शेवटच्या चौकटीत कोण कोलमडणार, मिस्टर वेदरबींचा चष्मा कधी उडणार. त्या वयात तुम्हाला ते प्रेमाचे त्रिकोण कळतही नसणार. मला तर नक्कीच कळत नव्हते.

मी जगहेडची होते. तो मला का आवडायचा हे मला फार उशिरा उमगलं. सगळं गाव कोणाच्या तरी मागे धावतंय आणि हा एकटा म्हणतोय, मला नाही यायचं, मला भूक लागलीय. आमच्या घरी मुलीने "मला नाही यायचं" म्हणण्याची सोय नव्हती. तुम्ही कोणाच्या होतात? पुन्हा पाहताना हे मनात ठेवून पाहा. बेटीच्या असाल, तर कदाचित तिच्या प्रेमामुळे नसाल, गाडीखाली शिरून इंजिन दुरुस्त करणारी तेल माखलेली मुलगी आपल्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हती म्हणून असाल. जगहेडच्या डोक्यावरच्या त्या टोपीचंही सांगते, कारण मला कित्येक वर्षं तो मुकुटच वाटत होता. जुन्या फेल्ट हॅटची कड कापून, दाते पाडून उलटी दुमडलेली ती टोपी. तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत अमेरिकेतली कारखान्यांतली, गॅरेजातली पोरं आणि शाळकरी मुलं ती घालायची. आपण ती पाहिली तेव्हा खुद्द अमेरिकेत ती कुणी घालत नव्हतं. म्हणजे आपण गिरगावात आणि ठाण्यात बसून जो "आजचा" अमेरिकन मुलगा वाचत होतो, तो तिथेही कधीच भूतकाळात गेला होता.

आता लेकीचं म्हणणं. ती बरोबर बोलली. तिच्याशी वाद घालू नका.

मुली ज्या पद्धतीने काढल्यात त्यात खोट आहे. व्हेरोनिका आणि बेटीची भांडणं शेकडो वेळा उगाळली आहेत आणि डायजेस्टातलं निम्मं लिखाण पुन्हा वाचावं असं नाही. आर्चीच्या गावात, रिव्हरडेलमध्ये, चक क्लेटन हा पहिला ठळक कृष्णवर्णीय मुलगा आला तो १९७१ मध्ये, म्हणजे आर्ची सुरू झाल्यावर तीस वर्षांनी. हे आक्षेप नवेही नाहीत. १९५४ मध्येच मॅड या विडंबनाच्या कॉमिकच्या बाराव्या अंकात हार्वी कर्ट्झमन आणि विल एल्डर यांनी "स्टार्ची" नावाने आर्चीची अशी सालटी काढली होती की तुमची लेक ती वाचून खूश होईल. तिला हे जरूर सांगा. आपल्या आधी सत्तर वर्षं कुणीतरी हेच म्हणालं होतं, हे कळलं की माणसाला आपलं मत जास्त नीट मांडावंसं वाटतं.

पण रिव्हरडेल इतकं धुतलेलं-पुसलेलं का, हेही तिला सांगा, कारण ते आपोआप झालेलं नाही. त्याच १९५४ सालात फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्हेगार होतात, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. सरकारने कायदा करायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच एक संहिता केली. आई-वडिलांचा मान राखायचा, पोलीस आणि अधिकारी यांची खिल्ली उडवायची नाही, दर वेळी चांगल्याचाच विजय, भुतंखेतं आणि नरभक्षक बंद, घटस्फोटावर विनोद नाही. मुलींची अंगं फुगवून काढायची नाहीत, असंही त्यात होतं. तुमच्या जुन्या अंकांच्या वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा जो छोटा शिक्का दिसतो, तो या संहितेचा. आणि ही संहिता राबवणाऱ्या प्रकाशक-संघटनेचे अनेक वर्षं अध्यक्ष होते जॉन गोल्डवॉटर, आर्चीच्या कंपनीचे एक मालक. भयकथा आणि गुन्हेकथा छापणारे कित्येक प्रकाशक बुडाले. आर्चीला मात्र फारसं काही बदलावं लागलं नाही. पुढे २०१२ मध्ये कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने वर्थमची मूळ टिपणं तपासली, तेव्हा त्याने मुलांची विधानं बदलून, जोडून, हवी तशी वापरल्याचं बाहेर आलं. ज्या मुलांच्या नावाने हे सगळं झालं, त्यांचं म्हणणंच नीट नोंदवलेलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीला याचा राग येईल. येऊ द्या.

अंगं फुगवायची नाहीत हा नियम असतानाही तुम्हाला अवघडायला लावणारी चित्रं त्याच शिक्क्याखाली छापली गेली, हेही तिनेच बोट ठेवून दाखवावं.

डायजेस्टाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात नव्या गोष्टींबरोबर जुन्या गोष्टी पुन्हा छापलेल्या असत, आणि कुठली कधीची हे लिहिलेलं नसे. पोटरीपर्यंतचा घेरदार स्कर्ट पन्नासच्या दशकातला, बेल-बॉटम सत्तरचं, आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी. त्यामुळे "आर्ची असा होता" असं सरसकट म्हणता येत नाही. कपड्यांवरून, गाड्यांवरून, टेलिफोनवरून काळ ओळखायचा खेळ मी भाच्यांबरोबर खेळले आहे. त्यात ती मुलं रंगली. माझ्या आठवणी ऐकण्यात ती कधीच रंगली नव्हती.

ट्रंकेच्या तळाशी जे सुपरहीरो आहेत, त्यांना तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत. मला त्यांच्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं, कारण माझ्या मते आर्चीची अर्धी गंमत त्यांच्यात दडलेली आहे.

आर्ची मुळात सुपरहीरोंच्या घरात पोसलेलं पोर. मॉरिस कॉयन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तिघांच्या पहिल्या नावांच्या आद्याक्षरांची एमएलजे नावाची कंपनी होती. तिच्या पेप कॉमिक्सचा पहिला अंक जानेवारी १९४० चा. त्यात शील्ड नावाचा वीर होता, अंगावर अमेरिकेचा झेंडाच पांघरलेला. कॅप्टन अमेरिका आला तो त्यानंतर वर्षभराने. पहिल्या अंकात त्याची ढाल तिकोनी होती. ती शील्डच्या छातीवरच्या चिलखतासारखी दिसते अशी तक्रार एमएलजेने केली आणि दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली, ती आजतागायत. तुमच्या लेकीने सिनेमात पाहिलेल्या त्या गोल ढालीच्या मागे असं आर्चीचं घराणं आहे. पेपच्या बाविसाव्या अंकात, डिसेंबर १९४१ मध्ये, मारामाऱ्यांच्या गर्दीत सहा पानांची एक हलकीफुलकी गोष्ट आली. लाल केसांचा एक मुलगा, शेजारची बेटी, मित्र जगहेड. चित्रकार बॉब मोंटाना. मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिलच्या शाळेत ते शिकले होते आणि तिथल्या आठवणी रिव्हरडेलमध्ये उतरल्या असं मानतात. व्हेरोनिका चार अंकांनंतर आली. युद्ध संपलं, लोकांचं अंगरख्यातल्या वीरांवरचं मन उडालं, आर्ची मात्र वाढत गेला. १९४६ मध्ये कंपनीनेच त्याचं नाव घेतलं आणि शील्ड अडगळीत गेला.

तुमच्याकडचे "सुपरहीरो आर्ची" म्हणजे या गोष्टीचा पुढचा फेरा. साठच्या दशकात सुपरहीरो पुन्हा चालायला लागले. मग १९६५ मध्ये लाइफ विथ आर्चीच्या बेचाळिसाव्या अंकात आर्चीने अंगरखा चढवला आणि तो प्युअरहार्ट झाला. पाठोपाठ जगहेडचा कॅप्टन हीरो, आर्चीचा प्रतिस्पर्धी रेजी याचा एव्हिलहार्ट, बेटीची सुपरटीन. तीन महिन्यांनी, जानेवारी १९६६ मध्ये, तिथल्या टीव्हीवर बॅटमॅनची मालिका सुरू झाली आणि सगळी अमेरिका त्या लाटेवर चढली. हे अंक वाचताना मला एक गोष्ट फार भावते. सुपरहीरो होऊनही आर्चीचं काही सुधारत नाही. शक्ती येते, घोटाळा तोच राहतो.

आता स्पायडरमॅन हातात घ्या. ऑगस्ट १९६२ मधला पीटर पार्कर हा शाळकरी पोरगा आहे. चष्मा, परीक्षा, काकूचं औषधपाणी, खिशात दमडी नाही, आवडती मुलगी बघत नाही. त्याचं आयुष्य मुखवटा काढला की रिव्हरडेलच्याच जवळचं आहे, फक्त तिथे भाडं थकतं. आणि हा योगायोग नाही. माणसं तीच होती. स्टॅन ली त्याआधी वर्षानुवर्षं मिली द मॉडेल या मुलींच्या विनोदी कॉमिकच्या गोष्टी लिहीत होते आणि चित्रं काढत होते आपले डॅन डीकार्लो. त्या दोघांनी वर्तमानपत्रासाठी विली लंपकिन नावाचा पोस्टमन केला होता, तोच पुढे फँटॅस्टिक फोर या सुपरहीरो चौकडीच्या दारात पत्रं टाकताना दिसतो. १९६६ मध्ये स्पायडरमॅन ज्यांनी हाती घेतला ते जॉन रोमिता आधी आठेक वर्षं प्रेमकथांची कॉमिक्स काढत होते. म्हणून तुमच्या स्पायडरमॅनच्या अंकांत ग्वेन आणि मेरी जेन असतील तर बेटी-व्हेरोनिकाच्या शेजारी ठेवून पाहा. एक सोनेरी केसांची, एक झगमगीत. त्रिकोण तोच, पण इथे त्या मुलींनाही स्वतःची दुखणी आहेत.

लेकीला सांगण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट पॅट्सी वॉकरची. १९४४ मध्ये रूथ अॅटकिन्सन या बाईंनी तिची पहिली चित्रं काढली. आर्चीसारखीच शाळा, मैत्रीण-शत्रू, डेट, पार्टी. वीसेक वर्षं ती तशीच राहिली. आणि १९७६ मध्ये अॅव्हेंजर्सच्या १४४ व्या अंकात हीच पॅट्सी पिवळा पोशाख चढवून हेलकॅट नावाची सुपरहीरो झाली. आपल्या लहानपणीच्या कॉमिक्समधल्या एका मुलीला मोठं होता आलं. ट्रंकेतल्या बाकीच्यांना ते मिळालं नाही, आणि मला वाटतं तुमचं मन तिसऱ्या गोष्टीत उडालं त्याचं हेच कारण आहे. तुम्ही एक्कावन्न वर्षांच्या झालात, बेटी सतरा वर्षांचीच राहिली आणि त्याच दारात त्याच मुलाची वाट बघत उभी आहे. ती लाज तुमची नाही. ती तिच्याबद्दलची कणव आहे.

लेकीला आवडलं पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. तिला हवंच असेल तर २०१५ मध्ये मार्क वेड यांनी लिहिलेला आणि फियोना स्टेपल्स यांनी काढलेला नवा आर्ची द्या. तो आजच्या मुलीला सहज वाचता येतो. आणि डॅन डीकार्लोंचं शेवटचं प्रकरण तिला सांगा. त्यांनी आपल्या बायकोच्या नावावरून, चेहऱ्यावरून जोसी ही कॉमिकची नायिका घडवली. तिच्यावर सिनेमा निघायच्या वेळी त्यांनी हक्क मागितला, तेव्हा चाळीसेक वर्षांच्या कामानंतर २००० साली त्यांना कामावरून दूर केलं गेलं. २००१ च्या डिसेंबरात ते गेले. मुलींची चित्रं अवघडायला लावणारी असतील, पण ती काढणाऱ्याचीही कुणी कदर ठेवली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि पंधरा वर्षांच्या मुलीला त्या दोन्ही पेलतात.

पैशाचं थोडक्यात. भावाला सांगा, लाख मिळतात ते पहिल्या अंकांना. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो अंक, १९३८ चा, २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. तुमची डायजेस्टं लाखांनी छापली गेली होती, त्यांना लहानशी रक्कम येईल. पातळ अंक मात्र एकदा तपासा. मुखपृष्ठावरची किंमत पाहा. १० सेंट असेल तर साधारण १९६२ च्या आधीचा, १२ सेंट असेल तर साठच्या दशकातला. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत महिना, वर्ष आणि अंक दिलेला असतो. मुखपृष्ठ फाटलं असेल, लायब्ररीचा शिक्का असेल, दोऱ्याने शिवून पुठ्ठा लावला असेल, तर भाव कोसळतो. ते अंक विकू नका असं मी म्हणणार नाही, फक्त आधी यादी करा. वहीत, पेन्सिलने.

रद्दीत मात्र देऊ नका. जे नको असतील ते एखाद्या वाचनालयाला किंवा जुनी पुस्तकं विकणाऱ्याला द्या, तिथून ते कुणाच्या तरी हाती पडतील.

जे ठेवाल त्यांची निगा सोपी आहे. हा वर्तमानपत्राचाच स्वस्त कागद, लाकडाच्या लगद्याचा. उजेड आणि ओल लागली की पिवळा पडून ठिसूळ होतो. उन्हात वाळवू नका, सावलीत, कोरड्या दिवशी पानं उघडून वारा द्या. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशन तर नकोच. पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा आणि सुती दोऱ्याने एक-दोन टाके घाला. पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. कसर लागली असेल तर तो अंक आधी बाकीच्यांपासून लांब करा.

एक शेवटचं, यादी करताना कळेल असं. तुमचा जन्म १९७४ च्या सुमाराचा. प्युअरहार्टचे ते दोन-तीन अंक १९६५-६६ चे निघाले, तर ते तुमच्यासाठी आणलेले नव्हते. तुम्ही व्हायच्या आठ-नऊ वर्षं आधी गिरगावातल्या कुणीतरी पोराने पैसे साठवून ते आणले, वाचले, जपून माळ्यावर ठेवले, आणि पुढे सुट्टीत आलेल्या भाचीच्या हाती दिले. "तुझंच आहे" असं मामा म्हणाले खरे. त्यांना या रविवारी फोन करा. अंक हातात घेऊन बसा, मुखपृष्ठ वर्णन करून सांगा आणि विचारा, तो कुठून आणला होता, तेव्हा ते कितवीत होते, आणि घरात कुणाला दिसू नये म्हणून तो कुठे लपवायचे.

तुमची,
ताई